दूध संस्थेतली दोन कासवं

उत्तरेश्वर तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका म्हशीच्या डाव्या कुशीला कान लावून उभे होते. मी नवी पशुवैद्यकीय अधिकारी, नेमणूक होऊन चार दिवस झालेले. केज तालुक्यात, नांदूरघाटच्या पुढं सात-आठ किलोमीटरवरच्या त्या गावातून फोन आला म्हणून गेले होते. मी बॅग उघडायच्या आत तात्या म्हणाले, "मॅडम, रवंथ परवापासनं बंद हाय. मालक म्हणतोय कालपासनं. त्याच्या ध्यानात काल आलं."

मी तपासलं. परवापासूनच असावं, हे शेणावरून दिसत होतं.

तात्या सातवी शिकलेले. गावात सहकारी दूध संस्था निघाली तेव्हा कॅन धुवायला लागले, मग फॅट मोजायला शिकले. पुढं संस्थेनं त्यांना जनावरांच्या प्रथमोपचाराच्या महिन्याभराच्या प्रशिक्षणाला पाठवलं. त्याचं प्रमाणपत्र संस्थेच्या भिंतीवर चेअरमनच्या फोटोशेजारी लावलेलं होतं. गाव त्यांना डागतर म्हणायचं, आणि ते नुसतं कौतुकापोटी नव्हतं. कान हातात धरून ते ताप सांगायचे. गोठ्याच्या दारातूनच कोणत्या गाईची कास दगडी व्हायला लागलीय ते ओळखायचे. मालकाला मात्र काहीच विचारायचे नाहीत. मी एकदा म्हटलं, "तात्या, आधी घरच्यांना विचारावं, कधीपासून खात नाही वगैरे."

ते हसले. "मालकाला काय इचारायचं? जनावर सांगतं की. हे बघा, नाकपुडी ओली म्हंजे जनावर धडधाकट, कोरडी म्हंजे ताप. एवढं कळलं तरी निम्मं काम झालं."

मला ते फार आवडलं होतं. पुढं दोन वर्षं मी शिकाऊ मुलांना तात्यांचं हेच वाक्य सांगत असे.

२०१२ साली पावसानं तोंड दाखवलं ते फक्त पोळ्यापर्यंत. संस्थेत रोज सहाशे लिटर दूध यायचं, ते दिवाळीला चाळीसवर आलं, आणि डिसेंबरात संस्था बंद झाली. दूध गार ठेवायच्या कूलरची वीज तोडली. लोकांनी जनावरं चारा छावण्यांत नेऊन बांधली. किल्ली तात्यांकडंच राहिली. रोज सकाळी ते संस्था उघडायचे, झाडून घ्यायचे, रिकाम्या कूलरवरची धूळ पुसायचे आणि कुलूप लावून छावणीत आजारी जनावरं बघायला जायचे. पगार थांबलेला होता, सवय तेवढी चालू होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या परत आल्या. ऊसच कमी, त्यामुळं पट्टा, म्हणजे कारखान्यांचा हंगाम, यंदा लवकर पडला. कर्नाटकात विजापूरकडं गेलेली बायनाबाई नवऱ्याबरोबर, राधाकिशनबरोबर बैलगाडी घेऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर टोपली घेऊन संस्थेच्या दारात उभी राहिली. मी त्या दिवशी योगायोगानं तिथंच होते, लसींची यादी करत.

टोपलीत दोन कासवं होती. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या काढल्यासारख्या. एक वीतभर, दुसरं तळहाताएवढं. दोन्ही टोपलीच्या कडेला पाय लावून वर चढायच्या खटपटीत होती.

"फडातलं पाचट पेटवलं तवा सापडली," बायनाबाई म्हणाली. "समद्यांनी पेटवून दिलं आन् म्या बघितलं तर बांधाच्या कडंनं ह्या दोघी पळायल्यात. पळत्यात म्हंजे काय, आपलं चालत्यात! जाळ मागं आलता. कोयत्यानं वढून काढल्या. तवापासनं आमच्या खोपटात, कोपीतच हायत. ही थोरली, ही धाकली."

"आता हिकडं कावून आणल्यास?" तात्यांनी विचारलं.

"बैलं घेऊन तलवाड्याकडं चाललो आमी, माझ्या भावाकडं. त्यांच्याकडं छावणी लागलीय. छावणीत कुत्री हायत, माणसं हायत, कुठं ठिवू? तुमी मुक्या जनावराचे डागतर. तुमच्यापशी ऱ्हातील बरी." मग ती टोपली खाली ठेवत म्हणाली, "सकाळच्या उन्हात सोडीत जावा, तात्या. कोरड्या जागंला. घोळ खात्यात, तांदुळजा खात्यात. दुसरं काय लागत न्हाई त्यांना."

"बायनाबाई, मला जनावरं शिकवती व्हय?" तात्या हसत म्हणाले.

तीही हसली. "तसं न्हाई. सांगितलं आपलं."

ती गेल्यावर मी तात्यांना म्हटलं, ही कासवं घरी ठेवायला कायद्यानं बंदी आहे, वनखात्याला कळवायला हवं. ते म्हणाले, "कळवू की. तिला येऊ द्या, तिची हायत ती." मी मान हलवली आणि यादी करायला लागले. छावण्यांत चार हजार जनावरं होती. दोन कासवांसाठी मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तात्यांनी त्यांच्यासाठी जागा निवडली ती कूलरची खोली. गावात तेवढीच एक गार जागा उरली होती. जाड भिंती, सिमेंटचा कोबा, एक झरोका आणि तोही बंद. पाण्यातलं जनावर, दुष्काळात त्याची आबाळ नको, हा त्यांचा हिशेब. खाली त्यांनी गोणपाट अंथरलं आणि दिवसातून चार वेळा त्यावर पाणी शिंपडायला लागले. पाणी टँकरचं, घराला दोन घागरी. त्यातलं एक तांब्याभर कासवांना जायचं. कौशल्याबाई, त्यांची बायको, मला एकदा म्हणाली, "आवं, ह्यांनी आंघोळ सोडलीय दिसाआड. कासवं मातर रोज भिजत्यात." ती चिडलेली नव्हती. नवऱ्याचा स्वभाव तिला पाठ होता.

खायला ते दुधात कालवलेली भाकरी देत, कधी भिजवलेली सरकी पेंड. सुरुवातीला दोघी खायच्या. तात्या छावणीत आले की मला रोज बातमी द्यायचे. आठ-दहा दिवसांनी मी परत गावात गेले तेव्हा ते मला खोलीत घेऊन गेले. बाहेर ऊन होतं, आत पाय ठेवताच अंगावर शहारा आला. थोरली गोणपाटावर बसली होती. तात्यांनी तिला उचललं आणि बॅटरी मारली.

"बघा, नाकपुडी कशी ओली हाय."

ओली होती. चकचकीत. मी पाहिलं आणि म्हणाले, "हो, छान आहेत."

हे तीन शब्द मी कितीदा आठवले असतील. पाच वर्षांच्या शिक्षणात मला कासवांवर एक तास झाला होता, तोही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणण्याइतकंही मला सुचलं नाही. तात्या वयानं मोठे, हात मुरलेला. मी त्यांच्या वाक्याला मान दिला.

फेब्रुवारी संपता संपता तात्यांची बातमी बदलली. दोघी खात नाहीत. मग म्हणाले, झोपून असतात. मग, धाकलीचे डोळे मिटलेलेच असतात. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडं कारण होतं. जागा बदललीय, गारठा आहे, कासवं अशीच सुस्त असतात. त्यांनी गूळपाणी दिलं, हळद लावली, आणि गोणपाट आणखी ओलं केलं.

मार्चच्या आठ तारखेला दुपारी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"मॅडम, थोरली मान लांब करून तोंड उघडायलीय. नाकातनं फुगा यायलाय. असं काय करायलीय ती?"

मी छावणीत होते. लाळ्या-खुरकूताच्या लसीसाठी बैलांची रांग लागली होती. मी बाजूला जाऊन माझ्या एका वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती एका प्राणिसंग्रहालयात काम करायची. मी सांगत गेले तशी ती एकेक विचारत गेली.

"ठेवलीयत कुठं?"

"कूलरच्या खोलीत. गार असते."

"ऊन?"

"येत नाही."

"जमीन कोरडी?"

"नाही. चार वेळा पाणी मारतात."

 ती म्हणाली, "अगं, ती माळरानावरची कासवं आहेत. पाण्यातली नव्हेत. त्यांना ऊनच औषध. उन्हात बसल्याशिवाय त्यांचं अन्नसुद्धा पचत नाही, कवच मऊ पडतं. नाक कधीपासून वाहतंय?"

"नाक ओलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी मी पाहिलं तेव्हाच."

"कासवाचं नाक कोरडं असायला हवं. ओलं नाक म्हणजे छातीत सर्दी उतरायला लागलीय."

मग तिनं मला जे सांगितलं ते मी लसीच्या खोक्यावर लिहून घेतलं. निरोगी कासव उचललं की दगडासारखं जड लागतं, आजारी पोकळ लागतं. पाय धरला की ते जोर करून आत ओढतं. ओढलं नाही तर समजायचं, ताकद संपलीय. डोळे उघडे, चमकदार हवेत. सुजलेले, मिटलेले डोळे म्हणजे झोप नव्हे. नवीन आणलेलं कासव दोन-चार दिवस बुजून खात नाही, पण त्यानंतरही तोंड लावलं नाही तर वाट बघत बसायचं नाही, कारण ही जात आजार लपवते. दिसायला लागेपर्यंत निम्मा वेळ गेलेला असतो. दूध, भाकरी, पेंड यांतलं काही द्यायचं नाही. पालेभाजी द्यायची, आणि रोज उथळ ताटात कोमट पाण्यात थोडा वेळ बसवून लगेच कोरडं करायचं. शेवटी तिनं इंजेक्शनाचं प्रमाण सांगितलं आणि म्हणाली, "आजच जा."

मी रांगेकडं पाहिलं. अजून चाळीसेक बैल होते. मालक सकाळपासून उभे. मी तात्यांना फोन करून सांगितलं, दोघींना आधी त्या खोलीतून बाहेर काढा, कोरड्यात ठेवा, मी उद्या सकाळी येते.

सकाळी नऊला पोचले. संस्थेच्या ओट्यावर ऊन आलेलं होतं आणि तात्या दोघींना मांडीजवळ घेऊन बसले होते. मी थोरलीला उचललं. एवढं मोठं कासव, पण हातात रिकाम्या डब्यासारखं लागलं. पाय धरला, तिनं तो माझ्या बोटांत तसाच राहू दिला. पाठ अंगठ्यानं दाबली तर किंचित आत गेली. मी इंजेक्शन दिलं. देताना तात्यांना सगळं सांगत होते, खोक्याचा तो पुठ्ठा समोर धरून.  मी संपवल्यावर तात्या म्हणाले, "बायनाबाईनं सांगितलं होतं."

थोरली अकराच्या सुमारास गेली. कासव गेलं हे चटकन कळतही नाही. तात्यांनी तिच्या नाकापुढं कापसाचा धागा धरला, बराच वेळ धरला. तो हलला नाही. त्यांनी संस्थेच्या मागं खड्डा घेतला, मला फावड्याला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र होती. कौशल्याबाई सांगत होती की त्या उपासाला त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

धाकली मात्र टिकली. मी रोज सकाळी जाऊन इंजेक्शन देत होते. एवढं अंतर रोज जायला मला आता वेळ मिळत होता. तात्या तिला ऊन चढेपर्यंत ओट्यावर ठेवायचे, ताटात कोमट पाणी घेऊन बसवायचे, धोतराच्या सोग्यानं पुसायचे. सातव्या दिवशी तिनं डोळे उघडले. नवव्या दिवशी पाय धरला तर तिनं झटक्यात आत ओढला. तात्या मला म्हणाले, "ओढला, मॅडम." एवढंच. बाराव्या दिवशी तिनं तांदुळज्याचं पान तोडलं.

त्याच आठवड्यात तलवाड्याहून बायनाबाईचा फोन आला. तात्या बोलत होते तेव्हा मी शेजारीच उभी होते. तिचा आवाज मोठा, मला स्पष्ट ऐकू येत होता. "तात्या, बऱ्या हायत का दोघी?"

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "बऱ्या हायत."

फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, "फोनवर कसं सांगू?" मी म्हटलं, बरोबर आहे, समोरासमोर सांगा. मी असं म्हणायला नको होतं.

मार्चअखेरीला मी वनखात्याला कळवलं. तात्याच म्हणाले, "आता ठिवू नका माझ्यापशी." वनरक्षक आले, कागद केला, धाकलीला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. जिल्ह्याबाहेरच्या वन्यप्राण्यांच्या एका केंद्रात तिला नेणार होते, तिथून पुढं तिच्या मुलखात सोडणार होते. तात्यांनी खोक्यात तांदुळज्याची जुडी ठेवली आणि वनरक्षकाला दोनदा बजावलं, "सायेब, उन्हात. कोरड्यात."

छावण्या जूनच्या शेवटी उठल्या. बायनाबाई येणार असल्याचं कळलं तेव्हा तात्यांनी मला बोलावून घेतलं. एकट्यानं सांगायचा त्यांना धीर नव्हता. ती संध्याकाळी चारच्या सुमारास त्यांच्या ओट्यापाशी आली. पदरात घोळीची भाजी होती, येता येता बांधावरून खुडलेली.

तात्यांनी सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. कूलरची खोली, ओलं गोणपाट, पेंड, सगळं. ती उभ्यानंच ऐकत होती.

"थोरली कवा मेली?"

"शिवरात्रीच्या आदल्या दिशी."

तिनं मनात हिशेब केलेला दिसला. "म्हंजे म्या फोन केलता तवा..."

"तवा मेलती."

"मग खोटं कावून सांगितलंत?"

"लाज वाटली, बाई."

"माझ्या हातनं मेली असती तर समद्यांनी म्हणलं असतं, अडाणी बाई, तिला काय कळतंय." तिचा आवाज चढलेला नव्हता. "म्या सांगितलं होतं, तात्या. कोपीपुढं उन्हात हिंडायच्या दोघी. महिना-दीड महिना सांभाळल्या म्या. एकीला शिंक आली न्हाई."

तात्या खाली बघत होते. मी काहीतरी बोलायला गेले, की चूक माझीही आहे, मीही नाक पाहिलं होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, पण तिला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं कासवं माझ्यावर सोपवली नव्हती. पदरातली घोळ तिनं कौशल्याबाईच्या पुढ्यात ओतली, "भाजी करा, काकू," म्हणाली आणि गेली.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, दूध संस्था पुन्हा सुरू झाली. तात्या पुन्हा फॅट मोजायला बसले. प्रमाणपत्र भिंतीवर होतं तिथंच राहिलं, पण कुणी डागतर म्हटलं की ते म्हणायचे, "तात्या म्हणा." गोठ्यात गेले की आता ते आधी बाईमाणसाला विचारायचे, "तुमाला काय वाटतंय? कवापासनं?" आणि उत्तर संपेपर्यंत जनावराला हात लावत नसत. कधी कधी लोक वैतागायचे. मंजुळाबाई नावाच्या एका म्हातारीनं त्यांना सुनावलं होतं, "मला ठावं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं रं?" तरी ते विचारतच राहिले. हात मात्र पूर्वीसारखा चटकन चालायचा नाही. पूर्वी जे दारातून सांगायचे, तिथं आता म्हणायचे, "मॅडमला इचारू." मला ते ऐकून वाईट वाटायचं, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असायचे.

बायनाबाई त्यांच्याशी बोलायची, पण जपून. ऊसतोडीला जाताना आपली शेळी ती कौशल्याबाईकडं सोडून जायची. देताना तात्यांकडं न बघता कौशल्याबाईला सगळं समजावून सांगायची, आणि तात्या बाजूला बसून ऐकायचे.

२०१५ साली माझी बदली झाली. निरोप घ्यायला संस्थेत गेले तेव्हा तात्यांनी चहा मागवला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मॅडम, धाकलीचं काय कळलं का?"

मी त्या केंद्रात एकदाच फोन केला होता, तिला नेल्यावर दोन महिन्यांनी. ज्यांच्याकडं नोंद होती त्यांची बदली झालेली, नंतर कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही आणि मीही परत विचारलं नाही.

"आहे की," मी म्हणाले. "चांगली आहे. सोडली तिला रानात."

तात्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. ते उठले, संस्थेला कुलूप लावलं आणि भर दुपारी बायनाबाईच्या घराकडं निघाले. मी गाडीत बसून गेले.

रात्री नव्या गावी सामान लावत असताना त्यांचा फोन आला. मागं कुणीतरी बोलत होतं. "मॅडम, ती बायनाबाई इचारायलीय," तात्या म्हणाले, "केवढी झाली असंल म्हणून."

मी म्हणाले, "बरीच मोठी झाली असेल."

त्यांनी ते तिला सांगितलेलं मला ऐकू आलं. मग ती काहीतरी म्हणाली, ते मात्र कळलं नाही. तात्या २०१९ मध्ये गेले. बायनाबाई अजून त्याच गावात आहे. त्या केंद्राचा नंबर माझ्या जुन्या डायरीत आहे, आणि तिला जाऊन खरं काय ते सांगावं असं मला दर वर्षी एकदा तरी वाटतं. मी गेलेली नाही.